ऑईल फिल्टर चोक झालाय? लाल दिवा लागण्याची वाट पाहू नका, आधी ओळखा 'हे' संकेत

गाडी वेळेवर सर्व्हिसिंगला देणारेही ऑईल फिल्टरकडे सहसा लक्ष देत नाहीत. मुठीएवढा, काही शे रुपयांचा हा भाग चोक झाला तरी गाडी लगेच बंद पडत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

पंपाच्या दाबाने ऑईल फिल्टरच्या घडीदार कागदातून जाते आणि मग क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. धातूचा कीस, काजळी, धूळ या कागदात अडकते. कागद भरला की ऑईलला वाट मिळेनाशी होते. बेअरिंग कोरडे पडू नयेत म्हणून अशा वेळी बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल न गाळताच पुढे जाते. डॅशबोर्डवर सगळे ठीक दिसते. आत मात्र कचऱ्यासकट ऑईल फिरत असते आणि बेअरिंग झिजत जातात. पुढे इंजिन उघडायची वेळ आली, तर खर्च हजारांत जातो.

मग ओळखायचे कसे? आधी आवाज ऐका. सकाळी स्टार्ट केल्यावर एक-दोन सेकंद टिकटिक होणे फारसे काळजीचे नाही. ती थांबत नसेल, किंवा गरम इंजिनातूनही येत असेल, तर गाडी दाखवून घ्या. दुसरा संकेत सिग्नलवर मिळतो. गाडी उभी असताना ऑईलच्या किटलीसारखे लाल चिन्ह लुकलुकते आणि रेस दिली की विझते. दिवा विझला म्हणून निश्चिंत होऊ नका, दाब कमी पडू लागल्याची ती खूण असते. ऑईल भरायचे झाकण उघडून आतही पाहा. तिथे काळा, चिकट गाळ दिसला तर फिल्टरचीही तीच गत असण्याची शक्यता मोठी.

नुसते ऑईल काळे दिसले म्हणून घाबरू नका. डिझेल गाडीत ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते. मायलेज घटणे, काळा धूर ही लक्षणेही अनेक व्हिडिओंत ऑईल फिल्टरच्या नावावर खपवली जातात. त्यासाठी आधी एअर फिल्टर तपासलेला बरा.

चालत्या गाडीत लाल दिवा कायम लागला, तर पुढच्या गॅरेजपर्यंत गाडी रेटू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. सपाट जागी दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. ऑईल कमी असेल तर टॉपअप करा. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर गाडी टो करूनच न्या.

आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना कंपनी १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी होईल ते सांगते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. रोज ट्रॅफिकमध्ये रांगणारी किंवा धुळीच्या रस्त्यावर धावणारी गाडी असेल, तर त्याआधीच बदला. ऑईल नवे आणि फिल्टर जुना, ही काटकसर महागात पडते. छोट्या गाडीच्या फिल्टरमध्येही पाव लिटरच्या आसपास जुने ऑईल उरते आणि ते नव्यात मिसळते.

सर्व्हिसिंगच्या बिलात फिल्टरची वेगळी नोंद आहे का पाहा आणि काढलेला फिल्टर दाखवायला सांगा. नवा बसवल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवून खाली ऑईल टपकत नाही ना, हे गॅरेजमध्येच तपासून घ्या.