चाकाखालची गोष्ट – लेखांक १४ : पुढचं धरा, मागचं सोडा

लाइन लॉकचं वायरिंग आज नाही. गेल्या आठवड्यात शब्द दिला होता, मान्य. पण दोन गोष्टी आड आल्या. पहिली म्हणजे गुरुवार. शिर्डीत गुरुवारी गॅरेज आपलं राहत नाही. तेलंगणाच्या, गुजरातच्या, कर्नाटकाच्या पासिंगच्या गाड्या दारात लागतात. कुणाचा क्लच गेलेला असतो, कुणाचा रेडिएटर उकळलेला असतो, आणि प्रत्येकाला दर्शन उरकून अंधाराच्या आत घरची वाट धरायची असते. अशा वेळी आपली हौसेची कॉन्टेसा ढकलून कोपऱ्यात लावतात. त्यात काही चूक नाही.

दुसरी गोष्ट कोपरगावच्या एका वाचकांची चिठ्ठी. मजकूर एवढाच : ‘माझी स्विफ्ट आहे. लाइन लॉक कुठे बसवू?’

उत्तरही एका ओळीत देता येईल : बसवू नका, तुमच्याकडे तो आहे. पण एका ओळीत भागवायची सवय असती तर ही लेखमाला चौदाव्या लेखांकापर्यंत आली नसती.

लाइन लॉकचं काम गेल्या वेळी पाहिलंच. जी चाकं इंजिन फिरवत नाही ती ब्रेकने धरून ठेवायची आणि जी फिरवतं ती मोकळी सोडायची, म्हणजे गाडी जागेवर राहते आणि टायर घासतात. ड्रॅग रेसला उतरलेली गाडी मागच्या चाकांवर चालणारी असते, म्हणून तिथे पुढची दोन चाकं धरतात. स्विफ्टला इंजिन पुढची चाकं फिरवतं. मग धरायची कोणती? मागची. आणि मागची चाकं धरणारा दांडा कारखान्याने तुमच्या डाव्या हाताशी आधीच दिलेला आहे. हँडब्रेक! तो ओढला की मागची चाकं जखडतात, पुढच्यांना कुणी विचारत नाही. लाइन लॉक जे काम झडप, वायर आणि बटण लावून करतो, ते तुमच्याकडे एक तार करते.

आता समजा, हट्टाने कुणी स्विफ्टसारख्या गाडीत झडप बसवलीच, तर काय होईल? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या नळ्या तिरप्या वाटलेल्या असतात. मास्टर सिलिंडरच्या एका कप्प्याकडे डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक, दुसऱ्याकडे उरलेली दोन. याला कारण आहे. या गाड्यांचं वजन पुढे, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. एक कप्पा फुटला तरी पुढचं एक चाक हाती राहावं म्हणून ही तिरपी वाटणी. अशा गाडीत एक नळी कापून झडप लावली तर धरली जाणार पुढचं एक आणि मागचं एक चाक. कोपरा धरून बाज उचलावी तसला प्रकार.

ही चिठ्ठी वाचून मी आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींना म्हणालो, लोकांना ब्रेक म्हणजे थांबणं एवढंच वाटतं. ते हसले आणि रस्त्याकडे हात केला. उसाचा ट्रॅक्टर चालला होता.

इथे थोडा आडवळणाला जातो. आपल्या राहाता-कोपरगाव पट्ट्यात ब्रेकचा खरा उस्ताद कोण असेल तर ट्रॅक्टरवाला. ट्रॅक्टरला ब्रेकचे पाय दोन, डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्या चाकाचा वेगळा. रस्त्यावर आलं की दोन्ही पाय खिट्टीने जोडायचे, म्हणजे गाडी सरळ थांबते. शेतात गेलं की खिट्टी काढायची. बांधाशी वळताना आतल्या चाकाचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर त्या चाकाभोवती गिरकी घेतो. आणि त्याहून गोड युक्ती चिखलातली. एक चाक नुसतं गरगर फिरतंय, दुसरं जागचं हलत नाही. डिफरेन्शियलचा स्वभावच असा की जिथे विरोध कमी तिकडे चक्कर वाटून टाकायची. अशा वेळी जाणता चालक फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक हलकेच दाबतो. त्या चाकाला विरोध मिळाला की जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. ब्रेक दाबून पुढे जायचं! हे ज्याने एकदा केलं त्याला लाइन लॉक समजावून सांगावा लागत नाही.

लोणीकडे दोन ट्रॉल्या ओढत निघालेल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं चढाला कशी हवेत उठतात, तेही इथल्या पोराटोरांनी पाहिलेलं असतं. ओढ पडली की वजन मागे सरकतं. ड्रॅगच्या गाडीचंही तेच होतं. तिथे हे वजन मागच्या टायरवर हवंच असतं. फरक एवढाच की ट्रॅक्टरवाला पुढे वजनं टांगतो आणि ड्रॅगवाला खुश होतो.

बरं, टायर जागच्या जागी घासायचा कशासाठी, असंही काहींनी विचारलं आहे. ड्रॅगचे टायर मऊ रबराचे. थंड असताना ते निसरडे, तापले की चिकट. शिवाय रांगेत उभं असताना त्यांना माती-खडी लागलेली असते. म्हणून आधी पाणी शिंपडलेल्या जागी टायर सुटे करतात, फिरवून तापवतात, धूर निघाला की पुढे सरकून सुरुवातीच्या रेषेवर येतात. आपल्या समृद्धी महामार्गावर याच्या उलट. तिथे तासन्तास एकाच वेगाने धावून तापणारा झिजलेला टायर हा घात, आणि इथे तापलेला टायर हे भांडवल. उष्णता तीच, फक्त जागा वेगळी.

आता कॉन्टेसा, जिच्यात आपण लाइन लॉक बसवतोय. तिच्या जन्माची गोष्ट पूर्वी येऊन गेली : इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, हिंदुस्तान मोटर्सने इथे आणलेली आणि २००२पर्यंत चाललेली. लांब नाक, मागच्या चाकांवर चाल. बॉनेट उघडून पहिलं काम केलं ते नळ्यांचा माग काढण्याचं. पुस्तक काय म्हणतं यापेक्षा समोर काय आहे हे महत्त्वाचं, कारण जुन्या गाडीत मधल्या मालकांनी काय काय बदललंय हे देवालाच ठाऊक. आमच्या गाडीत मास्टर सिलिंडर नंतर कुणीतरी बदललेला निघाला. त्याला दोन तोंडं. एक नळी पुढच्या दोन चाकांकडे, दुसरी मागे. वाटणी सरळ, तिरपी नाही. म्हणजे काम होण्याजोगं आहे.

पुढे जाणारी ती नळी मास्टर सिलिंडरच्या जवळ कापायची आणि मधे झडप घालायची. झडपेवर आत जाण्याचं आणि बाहेर पडण्याचं तोंड खुणावलेलं असतं. उलटी बसवू नका. जागा अशी निवडा की एक्झॉस्टची धग लागणार नाही आणि झडप पत्र्याला नीट कसता येईल. नळीवर लोंबकळणारी झडप म्हणजे उद्याची गळती. या नळीत पाय जोरात पडला की हजार पीएसआयच्या घरात दाब जातो. तुमच्या टायरमध्ये तीस-बत्तीस असतो. एवढं लक्षात ठेवलं तरी हात आपोआप जपून चालतो.

नळीचा व्यास ४.७५ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा तीन-सोळांश. ती पोलादाची किंवा तांबं-निकेलच्या मिश्रणाची घ्या. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडची तांब्याची नळी दिसायला तशीच आणि वाकवायला सोपी, पण ती ब्रेकसाठी नाही. टोकाला फुलवण्याच्या दोन रीती आहेत : एकीत कड दुहेरी दुमडून आत उतरती करतात, दुसरीत ती बाहेरून बुडबुड्यासारखी गोल होते. दोन्ही आपापल्या जागी पक्क्या. पण एका जातीच्या तोंडात दुसऱ्या जातीचं टोक कसलं तर नट घट्ट बसतो, मन निश्चिंत होतं आणि ब्रेक ऑइल हळूहळू पाझरत राहतं. झडप कोणत्या जातीची आहे हे आधी पाहा, मगच फुलवण्याचं हत्यार हातात घ्या. नट सोडवायला साधा पाना नको, सहाही बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना हवा. नाहीतर नटाचे कोपरे गोल होतात आणि मग पक्कड, शिव्या आणि नवी नळी या क्रमाने दिवस जातो.

आता माझी फजिती सांगतो. पहिलं टोक फुलवलं. इतकं सुबक की मिस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं, मान डोलावली आणि विचारलं, ‘‘नट कुठाय?’’ नट टेबलावर होता. फुलवण्याआधी तो नळीत ओवायचा असतो. नंतर तो कोणत्याच देवाच्या कृपेने आत जात नाही. टोक कापलं, नळी दीड इंच आखूड झाली, आणि तेवढ्याने ती झडपेपर्यंत पोचेना. सगळी नळी पुन्हा. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हे केलेलं असतं, असं मिस्त्री म्हणाले. माझं समाधान व्हावं म्हणूनही म्हणाले असतील.

मग हवा काढणं. हे दोघांचं काम. एक पायाशी, एक चाकाशी. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, झडपेला वीज द्यायची नाही. चाकाशी बसलेला म्हणतो ‘मार’, आत बसलेला दोन-तीनदा पाय मारतो. ‘धर’ म्हटलं की दाबून ठेवतो. निपल सैल होतो, बुडबुडे येतात. निपल कसला की ‘सोड’. मधे कुणी बोलायचं नाही. एकदा शेजारच्या पोराने कशावरून तरी ‘सोड रे’ म्हटलं आणि आतल्याने पाय सोडला. निपल उघडाच होता. काढलेली सगळी हवा पुन्हा आत. शिवाय ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. डॉट ३ आणि डॉट ४ जातीची तेलं रंग खातात आणि हवेतली ओलही पितात, म्हणून अर्धी वापरलेली बाटली पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवू नका.

तपासणी अशी. आधी वीज न देता पाय मिनिटभर जोरात दाबून ठेवा. तो खचता कामा नये. सगळे जोड कोरडे पुसून कागद लावून बघा. मग मागच्या चाकांना ओंडके लावून पुढची बाजू स्टँडवर घ्या. पाय दाबा, बटण दाबा, पाय सोडा. आता पुढचं चाक हाताने फिरवून बघा : हलायला नको. बटण सोडलं की मोकळं फिरायला हवं. क्रम मात्र हाच, आधी पाय, मग बटण. बटण आधी दाबलं तर पुढे दाब पोचेलच याची खात्री नाही. झडप बंद व्हायला वीज लागते, उघडी राहायला लागत नाही. म्हणून वायर तुटली तरी ब्रेक साधेच राहतात. या एका गोष्टीमुळेच मी ही झडप गाडीत घेतली. आणि एवढ्यासाठीच हिला हँडब्रेक समजून गाडी उभी करून जाऊ नका.

दाब कोंडून ठेवण्याची ही कल्पना शर्यतवाल्यांची नाही, हे मला फार आवडतं. अमेरिकेत १९३६मध्ये स्टुडबेकरने ‘हिल होल्डर’ दिला : चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून ब्रेकचा दाब धरून ठेवायचा. आजच्या कितीतरी साध्या गाड्यांत चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी दोनेक सेकंद थांबते, ते त्याच कुळातलं. २०१५च्या मस्टँगमध्ये फोर्डने लाइन लॉक कारखान्यातूनच दिला, वेगळी झडप न लावता. एबीएसच्या पेटीत झडपा असतातच. त्यांनाच सांगायचं, पुढच्या धरा. आपल्याकडे २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे झडपा प्रत्येक नव्या मोटारीच्या बॉनेटखाली आहेत, हुकूम तेवढा नाही.

पारनेर-जुन्नरकडच्या शर्यतीच्या घाटात बैलगाडा पाहिला असेल तर हे सगळं ओळखीचं वाटेल. गाडा जुंपलेला, पुढे घोडी, निवेदकाचा ‘भिर्रर्र’ घशात तयार, आणि बैलांना धरून उभी राहिलेली माणसं. मागून सगळा जोर उसळतोय, पुढून ती माणसं धरून आहेत. सुटला की घड्याळ सेकंद मोजतं. २०१४ला या शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर वाट मोकळी केली, मे २०२३मध्ये राज्याचा कायदाही ग्राह्य धरला. आपल्या मुलखाची ड्रॅग रेस हीच. यात सगळ्यात अवघड काम धरणाऱ्याचं असतं. क्षणभर आधी सोडलं तर बारी वाया, क्षणभर उशीर झाला तर सेकंद गेला.

जाता जाता दोन वाचकांना उत्तर. काकडीच्या शिर्डी विमानतळाची धावपट्टी २,५०० मीटरची आहे आणि ड्रॅगचा पाव मैल ४०२ मीटरचा, तेव्हा हिशेबाने तिच्यात सहा शर्यती मावतात हे खरं. पण तिथे विमानं उतरतात. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या त्या रीतसर आखून. आणि ज्यांनी ‘पहाटे समृद्धी मोकळा असतो’ असं लिहिलंय, त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचावं. मी त्यांच्या गाडीला पाना लावणार नाही.

वायरिंग पुढच्या आठवड्यात. फ्यूज, रिले, आणि बटण दाबून धरायचंच का, खटक्याचं का नको, हे तेव्हा. तोवर एक काम करा : आपल्या गाडीचं बॉनेट उघडा, मास्टर सिलिंडरमधून किती नळ्या निघतात ते मोजा आणि त्यातली प्रत्येक कोणत्या चाकाकडे जाते ते कागदावर काढा. कोपरगावकरांनीही काढावं. हँडब्रेक ओढून.