ऐकणाऱ्याचं काम
लेखमाला : वाचेविना संवाद – भाग ५

बोलता न येणाऱ्या मुलासाठी चित्रांचा संवाद तक्ता घरात आला की बहुतेक घरांत परीक्षा सुरू होते. "दाखव बरं, सफरचंद कुठंय?" "शाब्बास! आता केळं?" मूल चार दिवस बोट लावतं, पाचव्या दिवशी तक्ता ढकलून देतं आणि तक्ता कपाटावर जातो. "आम्ही करून बघितलं, याला नाही जमत," असं घरात ठरून जातं. यात मुलाचं काहीच चुकलेलं नसतं. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, ते सांगून त्याला मिळणार तरी काय?

मागच्या भागात आपण साधनं पाहिली. साध्या पुठ्ठ्यावरच्या चित्रतक्त्यापासून आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'जेलो' आणि चेन्नईतल्या 'आवाज' या अ‍ॅपपर्यंत. साधन हातात आलं की मोठं काम उरकलं असं वाटतं. पण त्यापुढचं काम बोलता येणाऱ्यांचं असतं, आणि ते कुणी त्यांना नीट समजावून सांगत नाही.

बोलणारं बाळ पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर तरी घरातल्यांचं बोलणं ऐकत असतं. तक्त्यावर बोलणाऱ्या मुलाने मात्र तक्त्यावर बोलणारं दुसरं माणूस कधीच पाहिलेलं नसतं. म्हणून आधी तक्ता आपण वापरायचा. आई स्वयंपाक करताना म्हणते, "अजून पोळी हवी?" त्या वेळी तिने 'अजून' आणि 'हवी' या चित्रांवर बोट ठेवायचं. आजी दिवा लावायला उठली की तिने 'मी' आणि 'जा' दाखवायचं. मुलाने लगेच तसंच करून दाखवावं अशी अपेक्षा ठेवायची नाही, त्याचा हात धरून चित्रावर नेऊन ठेवायचा नाही. नुसतं आपलं बोलणं बोटासकट चालू ठेवायचं. कुणाकडून उत्तर यायला आठवडे लागतात, कुणाकडून महिने. एवढा वेळ उत्तराची वाट न पाहता बोलत राहणं घरच्यांना जड जातं, आणि स्पीच थेरपिस्टने मुलाइतकाच वेळ घरच्यांनाही द्यायला हवा, असं मला वाटतं ते यासाठीच.

तक्त्यावर काय असावं, यावर घरोघरी एकच यादी निघते : पाणी, जेवण, शू, टीव्ही. ही सगळी नावं, आणि तीही सांभाळणाऱ्याच्या सोयीची. इंग्रजीतल्या अभ्यासांत असं दिसलं आहे, की रोजच्या बोलण्याचा सुमारे ८० टक्के भाग २०० ते ४०० शब्दांतच होतो, आणि त्यांत नावं अगदी थोडी असतात. मराठीत कान देऊन ऐका : मला, तू, हे, नको, अजून, दे, थांब, कुठे, का, झालं, माझं. हे शब्द कुठल्याही प्रसंगात चालतात. 'केळं' हा शब्द केळं खातानाच उपयोगी, 'नको' दिवसभर. शिवाय 'तसं नाही', 'तुला समजलं नाही', 'कंटाळा आला', 'मला राग आलाय' हे तक्त्यावर हवंच. काही पालकांना हे आवडत नाही. पण ज्या तक्त्यावरून फक्त होकार देता येतो, तो तक्ता मुलाचा नव्हे. 'मी जाते' म्हणणाऱ्या मुलीच्या अ‍ॅपमधून 'मी जातो' असं पुरुषी आवाजात निघत असेल, तर तेही आधी बदलून घ्यावं.

आता वेळेबद्दल. आपण मिनिटाला १२५-१५० शब्द सहज बोलतो. तक्ता किंवा यंत्र वापरणारा माणूस बहुधा १०-१५ शब्दांच्या आत असतो, काही जण दोन-तीन शब्दांवर. मुंबईच्या मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी एका बोटाने टाइप करत पदव्या मिळवल्या आणि 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिलं. समोरचं माणूस इतक्या सावकाश बोलत असताना आपल्याला शांतता सोसवत नाही. आपण दुसरा प्रश्न विचारतो, वाक्य पुरं करतो, नाहीतर शेजारच्या सोबत्याकडे वळून म्हणतो, "यांना चहा चालतो का?" तिन्ही गोष्टी टाळण्यासारख्या आहेत. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, आणि बोट हलत असेल तोवर गप्पच राहा. वाक्याचा अंदाज बांधायचा असेल तर आधी विचारा, "मी ओळखू का?" काहींना ते आवडतं, वेळ वाचतो. काहींना आपलं वाक्य आपणच संपवायचं असतं.

ज्यांना बोटही उचलता येत नाही, त्यांच्यासाठीही कागदाचा तक्ता चालतो, आणि तिथे तर ऐकणारा निम्मा वाटेकरी होतो. फ्रेंच पत्रकार जाँ-दोमिनिक बोबी यांना १९९५ मध्ये मेंदूचा झटका आला आणि फक्त डाव्या पापणीवर ताबा उरला. फ्रेंचमध्ये जास्त येणारी अक्षरं आधी, अशा क्रमाने समोरच्याने अक्षरं वाचायची आणि हव्या अक्षराला त्यांनी पापणी मिटायची. असं एकेक अक्षर जुळवून त्यांचं पुस्तक झालं, १९९७ मध्ये प्रसिद्धही झालं.

मराठीत हे काम करताना आपल्या वर्णमालेची मांडणी फार उपयोगी पडते. अक्षरं आधीच ओळींत बसलेली आहेत. सोबत्याने विचारायचं, "स्वर? क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग? त-वर्ग? प-वर्ग?" हव्या ओळीला समोरच्याने वर पाहायचं, मग त्याच ओळीतली अक्षरं एकेक करून म्हणायची. 'पाणी' हवं असेल तर प-वर्गातलं पहिलं, मग ट-वर्गातलं पाचवं. सगळी मुळाक्षरं ओळीने म्हणत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. य-र-ल-व आणि श-ष-स-ह-ळ या आणखी दोन ओळी. ङ आणि ञ सुटे जवळजवळ लागतच नाहीत. त्या चौकटींत 'शब्द संपला' आणि 'चुकलं' लिहून टाकावं. अडचण येते ती काना-मात्रांची आणि जोडाक्षरांची. प्रत्येक मात्रा विचारत बसलं तर कष्ट दुप्पट होतात. सुरुवातीला नुसती व्यंजनं घ्यावीत, प-ण आलं की विचारावं, "पाणी?" आणि होकार मिळाल्यावरच कागदावर लिहावं. होकाराची खूण आधी ठरवून घ्यायला हवी. मान हलवणं, 'च्च' करणं या आपल्या नेहमीच्या खुणा ज्यांना जमत नाहीत, त्यांच्यासाठी वर पाहणं म्हणजे हो आणि डोळे मिटणं म्हणजे नाही, असं काहीही चालेल. घरातल्या सगळ्यांनी तीच खूण पाळली म्हणजे झालं.

"तक्त्याची सवय लागली तर उरलंसुरलं बोलणंही जाईल," ही भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला असते, आणि तिच्यापायी मुलांची वर्षं जातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, भरवशाचा पुरावा असलेल्या २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलेलं आढळलं, ११ टक्क्यांत फरक पडला नाही. कमी कुणाचंच झालं नाही. बोलण्यातली वाढ बऱ्याचदा थोडीच होती, हेही खरं. पण बोलणं येण्याची वाट पाहत तक्ता लांबवण्याला काही आधार नाही.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. माणसाचा हात, मनगट किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेण्याची एक पद्धत आहे. १९९० च्या दशकात तिच्या कसून चाचण्या झाल्या. हात धरणाऱ्याला एक चित्र आणि वापरणाऱ्याला दुसरंच दाखवलं, तेव्हा टाइप झालं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. हात धरणारे खोटं बोलत नव्हते, आपणच हात हलवतोय हे त्यांना जाणवत नव्हतं. पण यात ज्याचं म्हणणं ऐकायचं, तोच बाजूला राहतो. हाताला आधार हवाच असेल तर टेबल, पट्टा, स्विच, नजरेवर चालणारं यंत्र असे मार्ग आहेत.

तक्ता माणसापासून कधीच लांब नसावा. शाळेत शिक्षा म्हणून तो काढून घेतात, तेव्हा त्या मुलाच्या तोंडावर हात दाबून ठेवल्यासारखंच होतं. रुग्णालयात दाखल करताना मोबाइल, अ‍ॅप, तक्ता सामानात बांधला जातो आणि नेमका त्याच वेळी दुखणं सांगायला काही उरत नाही. अ‍ॅप असलं तरी त्याच चित्रांची कागदी प्रत उशाशी हवी, कारण चार्जिंग संपतं. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, लाज वाटणारीसुद्धा, तक्त्यावर हवीत, आणि 'त्याने मला मारलं', 'मला भीती वाटते' हेही. छळ झाला तर सांगायला शब्द नसणं किती घातक आहे, ते वेगळं सांगायला नको. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी मार्गांचा समावेश आहे. डॉक्टर किंवा पोलीस तक्त्यावरचं ऐकायला तयार नसतील, तर ही तरतूद त्यांना दाखवा.

तक्त्याला वरच्या बाजूला एक छोटं कार्ड दोऱ्याने बांधा. त्यावर त्या माणसाच्या वतीने नव्हे, त्याला विचारून लिहा : 'मला सगळं ऐकू येतं. मी वर पाहतो म्हणजे हो. माझ्याशी बोला, माझ्या भावाशी नको. मला वेळ लागतो. थांबा.'

(पुढच्या भागात : पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या मोठ्या माणसांचा तक्ता कसा बनवायचा)