आवर्तनावर जगणारे पक्षी

जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांत जायकवाडीचं नाव निघतं ते आवर्तनाच्या हिशेबात. डाव्या कालव्याला पाणी कधी सुटणार, टेलपर्यंत पोचणार का? जालना शहराची तहानही हेच धरण भागवतं. याच पाण्याचे आणखी एक वाटेकरी म्हणजे धरणाच्या जलाशयावर, नाथसागरावर उतरणारे पाणपक्षी.

पैठणला गोदावरीवर १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली; १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. इथलं खोरं रुंद आणि सपाट. त्यामुळे सुमारे दहा किलोमीटरच्या भिंतीमागे पाणी लांबरुंद पसरलं. गावं उठली, कसदार शिवारं बुडाली आणि तिथं विस्तीर्ण, उथळ जलाशय तयार झाला. १९८६ मध्ये तो पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत मिळून त्याचं क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर आहे.

या जागेचं सारं वैभव उथळपणात आहे. काठालगत ऊन तळापर्यंत पोचतं. पाणवनस्पती, गोगलगायी, अळ्या, लहान मासे वाढतात. प्रत्येक पक्षी आपापल्या चोचीच्या मापानं त्यातला घास घेतो. शेकाट्या लांब पायांवर चिखल टिपत चालतो. चमचा अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. मुग्धबलाक गोगलगायी काढतो, चित्रबलाक मासे पकडतो. रोहित मान खाली घालून उलट्या चोचीनं पाणी गाळतो. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस काठचं गवत आणि कोवळी पिकं चरतात.

पावसाळ्याअखेर धरण भरतं. पुढे रब्बीची आवर्तनं सुटू लागली की पाणी मागे सरकतं, नवा गाळ उघडा पडतो आणि पक्ष्यांना रोज ताजं ताट मिळतं. म्हणजे अंबडच्या शेतात पोचणारं पाणी मागे नाथसागरात पक्ष्यांची चराई मोकळी करत जातं. पण धरण कोरडं पडलं की शेतकरी आणि पक्षी दोघेही उपाशी राहतात. उघड्या गाळावर सगळीकडे गाळपेरा झाला, तरी चराई आक्रसते.

म्हणून इथलं संरक्षण कुंपणानं होणारं नाही, ते पाण्याच्या नियोजनातच व्हायला हवं. वरच्या धरणांतून जायकवाडीला हक्काचं पाणी मिळावं, ही मराठवाड्याची जुनी मागणी. ते मिळालं तर पक्ष्यांचाही हिवाळा तरतो. याच गोदावरीवर वरच्या अंगाला असलेलं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तेही सिंचनाच्या बंधाऱ्यामुळेच घडलेलं आहे. सिंचन आणि पक्षी एका पाण्यावर नांदू शकतात, याचा याहून भक्कम पुरावा नको.

कालवा सल्लागार समिती आवर्तनं ठरवते, तेव्हा पाणी किती वेगानं उतरावं आणि कुठला काठ हिवाळाभर नांगराविना राहावा, हेही ठरायला हवं. पाणी वापरणाऱ्या जालन्यानं हा आग्रह सर्वांत आधी धरावा.