बीपी नॉर्मल, तरी सिस्टर नाडी का मोजत राहतात?

पोटात कळ आली, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून काकांना कॅज्युअल्टीत आणलेलं असतं. बीपी १२०च्या आसपास निघतं आणि घरच्यांना हायसं वाटतं. सिस्टर मात्र मनगट सोडत नाहीत, कारण नाडी ११० लागते आहे. मग त्या विचारतात, "काका, संडास काळी झाली होती का? डांबरासारखी, चिकट?"

जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल आणि त्यातून रक्त वाहू लागलं, तर ते पुढे सरकताना पाचकरस आणि आतड्यातले जिवाणू हिमोग्लोबिनचं रूप पालटतात. लाल रक्त काळं होतं, त्याला उग्र वास येतो. अनुभवी नर्स तो वास पडद्याआडूनही ओळखते. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, म्हणून पुढचा प्रश्न औषधांचा असतो.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी शरीर ते बऱ्यापैकी झाकून नेतं. पाऊण ते दीड लिटर गेलं की हृदय वेगाने धडधडतं, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, आणि तरीही पडून असलेल्या रुग्णाचं बीपी ठीक दिसू शकतं. ते कोसळतं त्यानंतर. हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडीसुद्धा फसवते, म्हणून सिस्टर घरच्यांना औषधांची पिशवी आणायला लावतात. दर पंधरा मिनिटांनी तक्त्यावर आकडे टिपणं अनेकांना कारकुनी वाटतं. माझ्या मते इस्पितळातलं इतकं मोलाचं आणि इतकं दुर्लक्षित काम दुसरं नाही.

याच वेळी दोन्ही हातांत जाड सुया लागतात, रक्तगट तपासायला जातो, तोंडाने घेणं बंद होतं. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून रुग्णाला कुशीवर वळवतात. दुर्बिणीच्या तपासणीनंतर तो चहा मागतो आणि सिस्टर नाही म्हणतात, तेव्हा राग येतो. पण घशात मारलेल्या फवाऱ्याने घसा बधिर असतो. गिळताना ठसका लागण्याची संवेदना परत येईपर्यंत घोटभर पाणीही फुप्फुसात जाऊ शकतं.

अल्सरचा दोष अनेक वर्षं काळजीला आणि तिखटाला दिला गेला. शिकागोच्या डॉ. बर्ट्राम सिपी यांनी १९१५ साली मांडलेल्या पथ्यात रुग्णाला तासातासाला दूध आणि साय दिली जाई. दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. पित्त उसळलं की गार दूध पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूकडे बोट दाखवलं. मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच तो जिवाणू पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण काढून घेतात.

घरी जातानाचं समजावणं म्हणूनच घाईत उरकू नये. जिवाणूवरचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. तोंड कडू होतं, मळमळतं, आणि बरं वाटू लागताच माणसं गोळ्या सोडतात. मग उरलेले जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत. आम्ल कमी करणारी गोळी बहुधा नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असते. हृदयासाठीची अॅस्पिरिन मात्र घाबरून आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि प्रतिजैविकं संपल्यावर निदान चार आठवड्यांनी, आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे थांबवून, जिवाणू गेला का याची तपासणी व्हायला हवी. ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर नसेल, तर निघण्याआधी सिस्टरांकडून लिहून घ्या.