पंचांगांत चुकलेली कादंबरी

रहस्यकथेची सुधारलेली आवृत्ति निघाली म्हणजे तींत मुद्रणदोषांपलीकडे कांहीं बदललें असेल, अशी शंका वाचकांस सहसा येत नाहीं. परंतु विल्की कॉलिन्स या इंग्रज कादंबरीकाराच्या ‘द वुमन इन व्हाइट’च्या १८६० व १८६१ च्या आवृत्त्या शेजारीं ठेवल्या, तर कांहीं तारखांवर सबंध कथेचा प्राण कसा अवलंबून होता, हें दिसून येतें. ज्यांनीं ती वाचली नसेल त्यांनीं आधीं ती वाचावी. पुढें आम्हांला रहस्य फोडणें भाग आहे.

ही कादंबरी डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकांत नोव्हेंबर १८५९ पासून ऑगस्ट १८६० पर्यंत क्रमशः आली व लगेच तीन भागांत पुस्तकरूपानें निघाली. न्यायालयांत साक्षीदार उभे राहावेत, त्याप्रमाणें तींतील पात्रें आपापली हकीकत सांगतात; न्यायासनावर वाचक बसलेला असतो.

सर पर्सिव्हल ग्लाइड हा पत्नी लॉरा हिच्या मरणानें मिळणाऱ्या २०,००० पौंडांसाठीं काउंट फॉस्कोच्या साह्यानें कपट रचतो. लॉरासारखी दिसणारी आजारी ॲन कॅथेरिक लॉराच्या नांवानें लंडनमध्यें मरते, आणि खरी लॉरा ॲन म्हणून वेड्यांच्या इस्पितळांत कोंडली जाते. लॉरा जिवंत आहे याचा निर्णायक पुरावा एकच: दाखल्यावरील मृत्यु आधींचा, लॉराचा लंडनचा प्रवास दुसऱ्या दिवसाचा!

ऑक्टोबर १८६० मध्यें ‘टाइम्स’च्या टीकाकारानें हे दिवस मोजून पाहिले. लॉराची सावत्र बहीण मेरियन हिची रोजनिशी, तिचें दीर्घ दुखणें व घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईची जबानी यांचा मेळ घातला, तेव्हां लॉरा ९-१० ऑगस्टपूर्वीं घर सोडूंच शकत नव्हती, असें निघालें. कथेंतील प्रवास तर जुलैअखेरचा! जेथें एका दिवसाच्या अंतरावर न्याय उभारलेला, तेथें जवळजवळ पंधरवड्याचें भगदाड पडलें.

कॉलिन्सनें ताबडतोब प्रकाशकास कळविलें कीं, टीकाकाराचें म्हणणें बरोबर आहे. नवें मुद्रण थांबवावें. १८६१ च्या एकखंडी आवृत्तींत त्यानें आधींच्या घटना मागें नेल्या. तींत मेरियनची रोजनिशी २० जूनला थांबते, मृत्यु २५ जुलैला होतो व प्रवास २६ जुलैला. प्रस्तावनेंत मात्र हे सर्व किरकोळ तांत्रिक दोष म्हणून थोडक्यांत आटोपले आहेत. कायद्याच्या मुद्द्यांवर एका अनुभवी वकिलाचा सल्ला घेतल्याचें तो तेथेंच आवर्जून सांगतो. कायदा संभाळला, पंचांग तेवढें राहून गेलें!

कोणी म्हणेल, भावना हलविणाऱ्या कथेला त्रैराशिक कशास लावावें? कॉलिन्सनेंही प्रकाशकाला लिहितांना अशाच विचारानें मनाचें समाधान करून घेतलें होतें. आम्हांला तें पटत नाहीं. ज्या लेखकानें तारखेलाच साक्षीदार केलें, त्याच्या तारखा तपासण्याचा अधिकार वाचकाला त्यानेंच दिला. म्हणून दुरुस्ती योग्यच झाली; पण जी चूक खाजगी पत्रांत मोकळेपणानें मान्य केली, ती प्रस्तावनेंतही तशीच सांगितली असती, तर बरें झालें असतें. पहिली आवृत्ति घेणाऱ्यांचा तेवढा हक्क होता.

आपल्या कपाटांत ही कादंबरी असेल, तर मेरियनच्या रोजनिशीची शेवटची तारीख जरूर पाहावी. २० जून दिसल्यास ती प्रत सुधारलेल्या पाठाची समजावी.