आठवणींचा लिलाव : अमेरिकी ‘मसल कार’चा बदलता बाजार

१९७१ साली अमेरिकेतील प्लिमथ कंपनीने ‘हेमी कुडा’ या मोटारीची छत उघडता येणारी आवृत्ती बनविली. संख्या जेमतेम डझनभर. त्याहून अधिकांना गिऱ्हाईकच नव्हते. अर्धगोलाकार ज्वलनकक्ष असलेल्या त्या सात लिटरच्या इंजिनासाठी मूळ किमतीवर जवळजवळ नऊशे डॉलर जादा मोजावे लागत, आणि विम्याच्या हप्त्याचा आकडा ऐकून उरलेसुरले तरुण ग्राहकही माघारी फिरत. त्याच मोटारींपैकी एक जून २०१४ मध्ये सिएटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरना विकली गेली. मधल्या ४३ वर्षांत मोटार होती तशीच राहिली. शाळकरी वयात तिच्याकडे आशाळभूतपणे पाहणारी मुले मात्र साठीला टेकली होती आणि त्यांच्या हाती पैसा आला होता. या बाजाराचे सारे गणित एवढ्या एका गोष्टीत सामावले आहे. आज तो बदलतो आहे, त्याचेही कारण तेच.

मसल कारची कल्पना साधी होती : मध्यम आकाराच्या, सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या मोटारीत मोठ्या मोटारीचे दांडगे इंजिन बसवायचे. जनरल मोटर्समध्ये असे करण्यास मनाई होती. मध्यम आकाराच्या मोटारीला ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असा कंपनीचा दंडक होता. तिच्याच पाँटियाक विभागातील जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. ३८९ घनइंचांचे इंजिन त्यांनी नवी मोटार म्हणून सादर न करता ‘टेम्पेस्ट’ या चालू मोटारीवर ग्राहकाने मागितल्यास मिळणारी जोड म्हणून १९६४ साली बाजारात आणले आणि तिला ‘जीटीओ’ हे नाव दिले. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली प्रचंड मोठी पिढी नेमकी त्याच सुमारास वाहन चालविण्याच्या वयात आली होती.

ही भरती फार काळ टिकली नाही. विमा कंपन्यांनी हप्ते वाढविले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर मर्यादा आणल्या, १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचा दाब उतरविला आणि ऑक्टोबर १९७३ मधील अरब राष्ट्रांच्या तेलबंदीने उरलेली हौसही फिटली. पेट्रोल पिणाऱ्या या मोटारी मग जुन्या बाजारात मिळेल त्या भावाने जाऊ लागल्या. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅकक्वीनने चालविलेली हिरवी मस्टँग १९७४ साली एका कुटुंबाने सहा हजार डॉलरना घेतली आणि कित्येक वर्षे घरच्या रोजच्या कामासाठी वापरली. पुढे खुद्द मॅकक्वीनने ती परत मागितली, तरी त्या कुटुंबाने दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथील लिलावात तिला, लिलावाचे शुल्क धरून, ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले.

अशा कथा वृत्तपत्रांत झळकतात आणि घरोघरीच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारी मालकांना सोन्याच्या विटा वाटू लागतात. वास्तविक याच बाजाराने एकदा जबर फटका दिलेला आहे. २००४ ते २००७ या काळात भाव चढतच गेले. २००६ च्या आरंभी १९७० ची एक हेमी कुडा वीस लाख डॉलरच्या वर गेली. त्यानंतर आलेल्या आर्थिक मंदीत हेमी इंजिनाच्या मोटारींचे भाव कोसळले. महासाथीच्या काळात पैसा स्वस्त होता, तेव्हा भावांनी पुन्हा उसळी घेतली. मार्च २०२२ मध्ये जवळजवळ शून्यावर असलेले अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे व्याजदर पुढच्या वर्षी पाच टक्क्यांच्या पुढे गेले आणि बाजार पुन्हा थंडावला.

यावेळच्या थंडाव्यामागे केवळ व्याजदर नाहीत. १९६४ मध्ये अठरा वर्षांचा असलेला तरुण आज ऐंशीच्या घरात आहे. आता विकत घेणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीतील माणसांचे प्रमाण वाढते आहे, आणि त्यांच्या खोलीच्या भिंतीवर वेगळ्या मोटारींची चित्रे होती : टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाइन, होंडा एनएसएक्स. ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटमालेत वापरलेली नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरना गेली, तर याच मालेतील एक स्कायलाइन २०२३ मध्ये साडेतेरा लाख डॉलरच्या वर. अर्थात अभिनेता पॉल वॉकरच्या नावाचे वलय या दोन्हींमागे होते, म्हणून त्यांवरून सामान्य सुप्राचा भाव ठरविणे अडाणीपणाचे ठरेल. गंमत अशी की, त्याच चित्रपटमालेत १९७० ची काळी डॉज चार्जरही आहे, आणि त्यामुळे तिला जन्मापूर्वीच्या काळातील मोटार म्हणून ओळखणारा तरुण चाहता लाभला. ज्या मसल कारच्या वाट्याला पडदा आला नाही, तिचे तसे नाही.

परिणामी बाजार दुभंगला आहे. १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो ‘झेडएल-वन’ केवळ ६९ बनल्या. अशा मोटारीला श्रीमंत ग्राहक आजही आहे, उद्याही असेल. उलट पहिल्या दोन वर्षांतच दहा लाख मस्टँग कारखान्याबाहेर पडल्या होत्या. त्यांतील सहा सिलिंडरची साधी मस्टँग कितीही चकचकीत केली तरी दुर्मीळ होत नाही. उत्तम दर्जाच्या संपूर्ण जीर्णोद्धाराचा खर्च एक लाख डॉलर सहज ओलांडतो. साध्या मोटारीवर केलेला असा खर्च विक्रीत भरून निघत नाही.

मधला एक मार्ग तरुणांनी शोधला आहे. बाहेरून १९६९ ची काया तशीच ठेवायची. आत आधुनिक इंजिन, डिस्क ब्रेक आणि वातानुकूलन बसवायचे. अशा ‘रेस्टोमॉड’ मोटारी पुष्कळदा अस्सलपेक्षा अधिक भाव मिळवितात. जुन्या जाणत्यांना हे पाप वाटते. परंतु जिच्यात जपण्यासारखे अस्सलपण मुळातच नव्हते, तिच्याबाबत हा आक्षेप लंगडा आहे.

अस्सलपण सिद्ध करायचे तर कागद लागतात. इंजिनावरील क्रमांक सांगाड्याच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. क्रायस्लर समूहाच्या मोटारींत कारखान्यातील बांधणीचा कागद पुष्कळदा मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो. त्या मळक्या कपट्यावर हेमी इंजिनाचा उल्लेख असला की किंमत कैक पटींनी बदलते. साध्या मोटारीत हेमी बसवून अस्सल म्हणून विकण्याचे प्रकार झालेले असल्याने कागद आणि क्रमांक पारखून देणारे जाणकार हा या क्षेत्रातला स्वतंत्र व्यवसायच झाला आहे.

खरा पेच आता घराघरांत उभा आहे. अमेरिकी कायद्यानुसार संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागतो. मालकाच्या निधनानंतर मात्र वारसाच्या हाती येणाऱ्या मोटारीची मूळ किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने नव्याने धरली जाते. साहजिकच वडील हयातीत विकत नाहीत आणि मुले नंतर विकतात. ज्या वेळी खरेदी करणारे समवयस्क पांगलेले असतात, नेमक्या त्या वेळी माल बाजारात येतो. वारसांपैकी अनेकांना क्लच दाबून हाताने गिअर बदलण्याचीही सवय नसते. ते वर्ष-दोन वर्षे निर्णय लांबवितात. तोवर टाकीतले पेट्रोल चिकट होऊन कार्बुरेटरमध्ये बसते, रबरी सील वाळतात, ब्रेक अडकतात आणि वडिलांनी ज्या रकमेचा विमा उतरविला होता तिच्या आधारे मागितलेला भाव देण्यास कोणी पुढे येत नाही.