मसाला चोळावा की मुरवावा?

घरी पाहुणा आला की आपण मटण आणतो. मटण महाग. ते वातड झाले तर पैसे वाया जातात, आणि पाहुणाही अर्धपोटी उठतो. मटणाला मसाला लावण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, कोरडा मसाला चोळायचा. दुसरी, दह्यात किंवा ओल्या वाटणात मुरत ठेवायचे. कोणती तऱ्हा केव्हा धरावी, ते आपण पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मीठ मांसात आत शिरते. तिखट, हळद, गरम मसाला मात्र बहुतेक वरच राहतात. रात्रभर ठेवले म्हणून तिखट हाडापर्यंत पोचत नाही.

मांस कोवळे आहे, फोडी लहान आहेत आणि तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजायचे आहे? मग कोरडा मसाला बरा. फोडी स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. मग मीठ, हळद, तिखट चोळा. कोरडी फोड खरपूस भाजते. ओली फोड आधी पाणी सोडते, आणि भाजायची ती शिजत बसते.

मांस जून असेल तर मुरवा. दह्याच्या आंबटपणाने ते थोडे मऊ होते. कच्च्या पपईत मांसाचे धागे सैल करणारे द्रव्य असते. किलोभर मटणाला वाटीभर दही किंवा दोन चमचे पपईचे वाटण पुरे. पपई अर्धा तास लावून ठेवा. फार वेळ ठेवली तर मटणाचा लगदा होतो. मुरवले तरी जून मटण मंद आचेवर पुरते शिजवायलाच हवे. आणखी एक, बिनकल्हईच्या पितळी भांड्यात दही घालू नका. ते कळकते.

पुष्कळ जण म्हणतात, "मीठ-दही लावलंय, आता काय होतंय?" असे समजू नका. मसाल्याने मांसातले रोगजंतू मरत नाहीत. उलट उबेत ते झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यात मटण तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. जास्त वेळ मुरवायचे तर फ्रीजमध्येच ठेवावे. घरात फ्रीज नसेल तर अर्धा तास मुरवावे आणि लगेच चुलीवर चढवावे. भांड्यात उरलेला मसाला कच्चा चाखू नये. तो रश्शात घालून चांगला उकळावा.

थोडक्यात, कोवळ्याला चोळा, जून असेल ते मुरवा. आणि वास आलेले मांस कितीही मसाला लावला तरी खाऊ नका.